चतुर्दशीच्या संध्याकाळचा चंद्र

हिरामण,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला तुझ्या घरी येऊन गेलो, त्याला आज बारा दिवस झाले. दुकान रोज उघडतो. माणसांना स्टुलावर बसवतो, "हनुवटी जराशी खाली घ्या" म्हणतो, बटण दाबतो. पण रोल धुवायला डार्करूममध्ये गेलो की दार लावून नुसता उभा राहतो. लाल दिवासुद्धा लावत नाही. हात पुढे करून टेबल चाचपतो, ट्रे कुठे असेल त्याचा अंदाज घेतो. तुला कसं होत असेल ते बघायचा हा खुळेपणा आहे, हे मला कळतं. पाच मिनिटांत जीव घाबरा होतो आणि मी दिवा लावतो. तुला तसा दिवा लावता येत नव्हता.

त्या दिवशी विहारातली माणसं जेवून पांगली, तेव्हा शेवंतावहिनींनी मला ओसरीवर थांबवलं. तुझ्या आजाराबद्दल, शेवटच्या दिवसांबद्दल काही सांगतील असं मला वाटलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमाले एक सांगाचं होतं. ते होते तवा सांगू देत नव्हते. त्याईले दिवस बुडला का दिसत नव्हतं. लहानपणापासून. त्याईच्या बाबालेबी तसंच होतं."

मी म्हणालो, "म्हणजे चष्मा लागला होता?"

"चष्म्याचं नाही. उजेड कमी झाला का सगळं काळं. पुनवेचं चांदणंबी असलं तरी पायाखालची वाट दिसे नाही."

अठरा वर्षांची आपली ओळख, हिरामण. अठरा वर्षं मी माणसांचे चेहरे, डोळे, बुबुळं बघून पोट भरतोय. आणि माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राला संध्याकाळनंतर दिसत नाही, हे मला तो गेल्यावर कळलं.

आता मागचं एकेक आठवतं आणि त्याचा अर्थ नव्याने लागतो. तुमसरला माझ्या दुकानात तू नेहमी भरदुपारी यायचास. चार वाजले की तुझी चुळबूळ सुरू. "बस चुकन," म्हणायचास. मी चिडवायचो, "मास्तर, बायकोले एवढा भेतो का?" तू हसून म्हणायचास, "हाव, भेतो ना." तुझ्या करडीला जायला त्यानंतरही गाडी होती, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

आपली पहिली भेट भांडणानंच झाली. दुकान नवीन होतं. शाळेच्या कामासाठी तुला फोटो हवा होता. बाकावर बसल्याबसल्या तू समोरच्या भिंतीवरचा माझा मोठा फोटो बघत होतास. वैनगंगेच्या पात्रात नाव, नावेत वल्हं मारणारा माणूस आणि मागे टपोरा पूर्ण चंद्र. येणारा प्रत्येक जण त्याची तारीफ करायचा. तू उठलास, अगदी जवळ गेलास आणि म्हणालास, "हा चंद्र खोटा हाय."

मला राग आला. "काहून?"

"नावेची सावली आपल्याकडं पडून राहिली. म्हणजे सूर्य नावेच्या मांगं हाय. आन् चंद्रबी मांगंच. पुनवेचा चंद्र सूर्याच्या बाजूनं कधीच राहत नाही. समोरासमोर राहते. एक बुडते तवा दुसरा निघते."

चंद्र खोटाच होता. फोटो छापताना कागदावर गोल कापलेला पुठ्ठा ठेवून मी तो पांढरा ठिपका काढला होता. तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तू समोरच्या चहावाल्याकडून एक लिंबू मागून आणलंस. माझा स्टुडिओतला मोठा दिवा लावायला लावलास. खिडकी बंद केलीस. लिंबू माझ्या हातात देऊन म्हणालास, "हा दिवा सूर्य. तुह्यं डोकं पृथ्वी. आता जागच्या जागी गोल फीर."

लिंबू दिव्याच्या बाजूला आलं तेव्हा माझ्याकडची त्याची बाजू काळी दिसली. थोडं वळलो तर कडेला एक पिवळी कोर उजळली. आणखी वळलो तर अर्धं लिंबू. दिव्याकडे पाठ करून हात जरा वर धरला, तर पूर्ण लिंबू उजेडात. तिशीतला मी माणूस, आयुष्यभर चंद्र बघत आलेला, आणि चंद्राची कोर का होते हे मला त्या दिवशी लिंबावर कळलं. तू शाळेत भूगोल शिकवतोस हे मग समजलं. महिन्याभरानं मी भिंतीवरून तो फोटो काढला. तुला तसं सांगितलं नाही, पण पुढच्या खेपेला रिकाम्या खिळ्याकडे बघून तू गालातल्या गालात हसलास.

तेव्हाच तू म्हणालास, "आता खरा काढू. आमच्या तलावावर."

तुझ्या मनातला फोटो तू मला पहिल्यांदा सांगितलास तो तसाच शेवटपर्यंत राहिला. तलावाच्या पश्चिमेच्या पाळीवर, बांधावर, उभं राहायचं. समोर सगळं पाणी. पाण्यापलीकडे तुमचा मोहल्ला, कौलारू घरं, चुन्यानं रंगवलेला विहार, त्याच्या बाजूचं पिंपळाचं झाड. आणि विहाराच्या मागून वर येणारा पूर्ण चंद्र. मी विचारलं होतं, "कायले पायजे तुले?" तू म्हणालास, "पाहाले." मला ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं होतं.

पहिल्या वर्षी मी माझा रोजचा कॅमेरा घेऊन आलो. फोटोत चंद्र तांदळाच्या दाण्याएवढा. पुढच्या खेपेला नागपूरच्या एका मित्राकडून लांब भिंग मागून आणलं, तर चंद्र मोठा आला, पण नुसता पांढरा गोळा, कडा फुटलेला. अंधार आहे म्हणून मी झडप जास्त वेळ उघडी ठेवत होतो. तू तो फोटो उन्हात धरून बघितलास आणि म्हणालास, "चंद्रावर आता दिवस हाय ना गड्या. तिथं ऊन पडून राहिलं. दुपारच्या उन्हात एखादा गोटा पडला असन तं त्याचा फोटो कसा काढशील?"

"कसा काढीन? क्षणभरात."

"मंग तसाच काढ."

कॅमेरा कधी हातात न धरलेला माणूस मला फोटो शिकवतोय, म्हणून मी हसलो. पण करून बघितलं. चंद्रावरचे डाग, खळगे, सगळे स्वच्छ आले. फक्त आता खालचा तलाव, विहार, घरं काळ्या शाईत बुडाली. चंद्र नीट यावा तर जमीन काळी, जमीन दिसावी तर चंद्र फुटलेला.

याचं उत्तर तुझ्याकडे होतं, आणि तेच आपल्या वर्षानुवर्षांच्या वादाचं मूळ झालं. तू म्हणायचास, पौर्णिमेला येऊच नको, चतुर्दशीला ये. चंद्र रोज पाऊण तास, तासभर उशिरा उगवतो. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तो सूर्य बुडायच्या आधीच वर आलेला असतो. गोलात कमी असलेली किनार डोळ्यांना कळतही नाही. आणि सूर्य टेकलेला असतो तेव्हा पाण्यावर, भिंतींवर, झाडांवर अजून उजेड असतो. चंद्र आणि जमीन दोन्ही एकाच फोटोत येतील अशी तेवढीच पंधरा-वीस मिनिटं. "त्या पंधरा मिनिटांत सगळं दिसते," तू म्हणायचास. सगळं या शब्दावर तू जोर द्यायचास, तो मला आता ऐकू येतो.

त्यासाठी तू किती खटपट केलीस! हिवाळ्यातला पूर्ण चंद्र ईशान्येकडे सरकून उगवतो आणि उन्हाळ्यातला आग्नेयेकडे, म्हणून पाळीवर उभं राहायची जागा महिन्यागणिक बदलते. ते तू डोळ्यांनी बघून, पाळीवर पळसाच्या खुंट्या ठोकून ठरवलं होतंस. वैशाखाची खुंटी उत्तरेच्या टोकाला, पौषाची दक्षिणेच्या. गुरं चारणारे पोट्टे त्या उपटून नेत, तू पुन्हा ठोकत असायचास. आणि ती वही. घड्याळ रेडिओच्या वेळेशी लावून रोजच्या चंद्रोदयाची वेळ त्या वहीत. माझी बायको संकष्टीचा उपास करते. तिला त्या वेळा सांगितल्या तर आमच्या आळीतल्या सगळ्या बायका दुकानात विचारायला येऊ लागल्या. तुला सांगितलं तेव्हा म्हणालास, "आमच्यात तो उपास नाही. पण उपाशी बाईले चुकीची वेळ सांगनं बरं नाही." आणि पुढच्या सहा महिन्यांच्या वेळा अंदाजानं काढून एका कागदावर लिहून दिल्यास. पाच-दहा मिनिटांपलीकडे फरक पडला नाही.

वहीतल्या दिवस बुडाल्यानंतरच्या वेळा वहिनींनी बघितलेल्या होत्या, हेही मला आताच कळलं. त्या अंगणात उभ्या राहायच्या, तू ओसरीत कंदिलाजवळ घड्याळ घेऊन बसायचास. चंद्र झाडावर आला की त्या हाक मारायच्या आणि तू आकडा लिहायचास.

एकदाच तू माझ्या डार्करूममध्ये आलास. तुला फोटो कागदावर कसा उमटतो ते बघायचं होतं. लाल दिव्यात मला सगळं दिसत होतं. तू आत पाऊल टाकलंस आणि तुझ्या हाताचा धक्का लागून रसायनाचा ट्रे पालथा झाला. एका लग्नाचे फोटो होते त्यात. मी ओरडलो, "डोळे फुटले का बे तुहे?" तू ओल्या फरशीवर खाली बसून हातानं कागद गोळा करायला लागलास, एकही कागद तुझ्या हाताला लागत नव्हता. मी म्हणालो, "राहू दे, बाहेर जाऊन बस." तू भिंतीला हात लावत लावत बाहेर गेलास. नंतर चहा पिताना तू माझी माफी मागितलीस. मी तुझी मागायला हवी होती.

आता त्या वैशाखातल्या संध्याकाळबद्दल लिहितो. लिहायचं टाळत होतो.

मोहल्ल्यात बुद्धजयंतीची तयारी चालली होती. विहारावर नवा चुना, दोऱ्यांना पताका. आठ दिवस आधी तू दुकानात येऊन बजावून गेलास, "या खेपेला आदल्या दिवशीच ये. पताका लागल्या राहतीन. सहा वाजता माह्या खुंटीजवळ."

माझं त्या दिवशी लग्नाचं काम होतं. ते सोडता आलं असतं, माझा हाताखालचा माणूस गेला असता. पण मला तुझं ऐकायचंच नव्हतं. दरवेळी तूच बरोबर निघतोस, याचा मला कुठंतरी त्रास व्हायला लागला होता. मी कॅलेंडर दाखवून म्हणालो, "पौर्णिमा इथं लिहिली हाय. पौर्णिमेचा फोटो पौर्णिमेलेच काढीन."

तू कॅलेंडर भिंतीवरून उतरवून उजेडात नेलंस. "खालचं बारीक अक्षर वाच. पौर्णिमा सकाळी सहा-साडेसहालेच संपून राहिली. सकाळी सूर्य निघते तवा जी तिथी असते, ती त्या दिवसाले लिहितात. पुरा चंद्र आदल्या रातीलेच होऊन जाईन. तू संध्याकाळी येऊन संपलेल्या पुनवेचं काय करशील?"

मी गेलो तो कॅलेंडरच्याच दिवशी. तुझ्याकडे विहारात कार्यक्रम होता, तो सोडून तू पाळीवर आलास. दोघं खुंटीजवळ उभे राहिलो. पावणेसातला सूर्य बुडाला. समोर आकाशात काही नाही. सात वाजले. पाणी आधी राखाडी झालं, मग काळं. पलीकडे विहारात गॅसबत्त्या लागल्या, गाण्याचा आवाज पाण्यावरून येत होता. तू मला दोनदा म्हणालास, "चाल, निघू. आता काही खरं नाही." तू आपलंच खरं झालं म्हणून दाखवतोयस असं मला वाटलं. मी कॅमेऱ्याला डोळा लावून हट्टानं थांबलो. अर्ध्या तासाहून जास्त गेला आणि मग तांबडा, मोठा चंद्र वर आला. खाली मिट्ट काळोख. मी चार फोटो काढले आणि चारही वाया गेले हे मला तिथंच कळलं होतं.

कॅमेऱ्याची तिवई आवरताना मी जे बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "तुले सगळंच समजते ना? मंग तूच काढ फोटो. मास्तरकी शाळेत करत जाय, माह्यासमोर नको करू."

तू फक्त म्हणालास, "मले विहारापर्यंत सोडून दे ना गड्या फटफटीवर."

मी गाडीवर बसलो होतो. मी म्हणालो, "तुह्यं गाव, तुहा तलाव. आन् एवढा चंद्र उगवला, चांदणंच चांदणं हाय. जाय पायी."

गाडी चालू करून निघालो. मागून तू एकदा "वसंता!" अशी हाक मारलीस. इंजिनाच्या आवाजातही मी ती ऐकली. मी मागे वळलो नाही.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. तू पायानं चाचपत पाळीवरून निघालास. तलावातून शेतात पाणी सोडायचं जे तुडूम आहे, तिथे पाळ कापलेली आहे. तिथून तू खाली दगडावर पडलास. मनगट मोडलं. उठून पुन्हा चालायला गेलास तर दिशाच कळेना, म्हणून तिथंच बसून राहिलास. हाकही मारली नाहीस, कारण लोकांनी येऊन विचारलं असतं की चांदण्यात कसा पडलास. कार्यक्रमात मास्तर दिसेना म्हणून वहिनी गॅसबत्ती घेऊन दोन माणसांसोबत शोधत आल्या. तू त्यांना सांगितलंस, शेवाळावरून पाय घसरला. मी तुला सोडून गेलो हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. वहिनींनाही ते पुष्कळ वर्षांनी कळलं.

तुझा हात मोडल्याचं मला चौथ्याच दिवशी तुझ्या गावच्या एका गिऱ्हाइकाकडून समजलं होतं. घसरून पडले म्हणे मास्तर. मी "अरेरे" म्हणालो आणि त्याच्या पोराचा फोटो काढला. कुठं पडलास, कधी पडलास, मी विचारलं नाही. मनात कुठंतरी धागा जुळत असावा, म्हणूनच विचारलं नसेल. तुला बघायला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दोन वर्षं गेली. तुझ्या गावावरून फटफटी नेताना मी तलावाकडे मान वळवत नसे.

तूच आलास. कार्तिकातली एक दुपार होती. तू दुकानात शिरलास, नेहमीच्या बाकावर बसलास आणि जणू मागच्या आठवड्यातच भेटलो होतो अशा सुरात म्हणालास, "उद्या चौदस हाय. सूर्य साडेपाचले बुडन, चंद्र पाचलेच निघन. तलाव भरला हाय, आभाळ साफ हाय. येतं का?"

तुझं मनगट जरा वाकडं जुळलेलं मला दिसलं. मी म्हणालो, "येतो."

दुसऱ्या दिवशी मी चार वाजताच पाळीवर हजर होतो. तू सांगितलेल्या ठिकाणी तिवई लावली. पाच वाजता पिंपळामागून फिकट, कागदासारखा चंद्र निघाला. तू म्हणालास, "थांब. घाई नको." सूर्य आपल्या पाठीमागे खाली येत गेला तसा चंद्र उजळत गेला. साडेपाचच्या सुमारास तो विहाराच्या शिखराच्या थोडा वर होता, आणि पलीकडची घरं, चुन्याची भिंत, पाण्यावर उतरलेल्या बायका, पिंपळाचं पान न् पान, सगळं त्या मावळत्या उजेडात उभं होतं. मी बारा फोटो काढले. तू कॅमेऱ्यातून बघायला मागितलंस, मी बाजूला झालो. तू एवढा वेळ डोळा लावून उभा राहिलास की मी म्हणालो, "अरे, उजेड चालला." तू म्हणालास, "हाव. चालला खरा." आणि लगेच, "मले घरी सोडून दे."

या वेळी सोडलं. तू दोन्ही हातांनी माझे खांदे घट्ट धरले होतेस. जुनी दोस्ती परत आली, म्हणून धरलेस, असं मला वाटलं. तेही असेल.

फोटो चांगला आला, हिरामण. माझ्या हातून तसा दुसरा झाला नाही. आणि तिथंच मी पुन्हा माती खाल्ली. दोन वर्षांच्या अबोल्याची भरपाई करायची म्हणून मी तो नागपूरला नेऊन भिंतभर मोठा करून घेतला. सागवानी चौकट बसवली. रविवारी बसमधून मांडीवर धरून करडीला आणला. तू तो अंगणात उन्हात उभा करायला लावलास. मग त्याच्यासमोर बसून तू डावीकडून उजवीकडे हळूहळू मान फिरवलीस, पुन्हा खालच्या बाजूला तशीच, पुस्तकाच्या ओळी वाचाव्यात तशी. तू चुका शोधतोयस असं वाटून मी अस्वस्थ झालो.

"चांगला हाय," तू म्हणालास. "भल्ला मोठा हाय." मग म्हणालास, "वसंता, पोस्टकार्डाएवढा निघन का?"

मला झोंबलं. "एवढा मोठा करून आणला, आन् तू पोस्टकार्ड मागून राहिला?"

"राहू दे, राहू दे. हाच चांगला हाय."

पुन्हा तू कधी मागितला नाहीस. निगेटिव्ह माझ्या कपाटात होतं. पोस्टकार्डाएवढा फोटो काढायला दहा मिनिटं लागतात. त्यानंतर पाच वर्षं तू जिवंत होतास.

वहिनींनी याचाही उलगडा केला. शेवटच्या सात-आठ वर्षांत तुझी दिवसाची नजरही कडांनी बंद होत आली होती. समोरचं बारीक अक्षर वाचता यायचं, पण आजूबाजूचं काही नाही. "बांबूच्या नळीतून पाहिल्यावानी," त्या म्हणाल्या. "तुमचा मोठा फोटो त्याईले एकदम दिसे नाही. चंद्र पाहेत तं विहार जाये, विहार पाहेत तं पानी जाये. लहान असता तं हात लांब करून धरला असता, आन् सगळा एका टायमाले दिसला असता. म्हणत, आपलं गाव, चंद्रासंगट, एकडाव पुरं पाहाचं हाय."

"कायले पायजे" या माझ्या प्रश्नाला तू पहिल्याच दिवशी खरं उत्तर दिलं होतंस.

त्या दिवशी घरी आलो आणि रात्रभर झोप लागली नाही. सकाळी कपाटातून निगेटिव्ह काढलं आणि पोस्टकार्डाएवढा कागद घेतला. लाल दिव्याखाली तो हळूहळू उमटत गेला, आधी पिंपळ, मग भिंत, शेवटी चंद्र. मी हात लांब करून धरून बघितला. सगळा एका वेळी दिसला.

काल तो घेऊन करडीला गेलो. वहिनींच्या हातात दिला. तुझी सुजाता बाळंतपणाला माहेरी आलेली आहे, तिनंही बघितला. मग मीच विचारलं, "वहिनी, मले काहून नाही सांगितलं त्यानं? अठरा वर्षं!"

वहिनी म्हणाल्या, पहिल्यांदा नोकरीची भीती होती. मास्तरला दिसत नाही असं झालं तर शाळेतून काढतील. मग सुजाताचं लग्न व्हायचं होतं. घराण्यात डोळ्यांचा आजार आहे म्हटल्यावर कोण पोरगी करणार. "पन लग्न होऊन गेल्यावर मी म्हणलं होतं त्याईले. आता तरी वसंताभाऊजीले सांगा, म्हणलं. ते तुमचे एवढे दोस्त."

"मंग?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तं म्हणाले, त्याले सांगितलं का तो माहा हात धरून चालन. हरेक गोष्टीले हाव म्हणन. शाळेत, मोहल्ल्यात हात धरणारे लय हायेत. माह्यासंगं बरोबरीनं भांडणारा तो एकटाच हाय. त्याले सांगून मले तो गमवाचा नाही."

मी तिथून उठलो. ऊन अजून चांगलं होतं, तरी वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तुझ्या सवयीनं त्यांनाही ती सवय लागली असेल.

हिरामण, तू माझ्याकडून कधी काही मागितलं नाहीस असं नाही. तू दोनदा गाडीवर बसवायला सांगितलंस आणि एकदा छोटा फोटो मागितलास. त्यातलं मी एकच केलं. बाकी तुला माझ्याकडून भांडण तेवढं हवं होतं, आणि माझ्याजवळ ते भरपूर होतं. तरी दोन वर्षं मी तुला तेसुद्धा दिलं नाही.